गाढवाचे पाय आणि ब्रेमेनचे पाच दिवस

औंधला राहणाऱ्या माणसाला ब्रेमेन हे नाव आधी बसच्या कंडक्टरकडून कळतं. "ब्रेमेन चौकवाले, पुढे सरका!" विद्यापीठाकडून घरी येताना तीस वर्षं मी हे ऐकत आले. पुणे आणि ब्रेमेन यांची जुनी मैत्री आहे, म्हणून चौकाला ते नाव, एवढंच ठाऊक होतं. भाचा, ओंकार, नोकरीसाठी तिथे गेला आणि "मावशी, मेमध्ये ये, थंडी संपलेली असते" म्हणाला, तेव्हा मी ह्यांना म्हटलं, चला, चौक पाहून झाला, आता गाव पाहू.

पहिला दिवस, रविवार

मुंबईहून फ्रँकफर्ट, तिथून आगगाडी, हॅनोव्हरला गाडी बदलून ब्रेमेन. हॅनोव्हर मागे पडलं की जमीन ताटासारखी सपाट होत जाते. डोंगर नाही, टेकडी नाही, दूरवर फिरणाऱ्या पवनचक्क्या आणि काळ्या-पांढऱ्या गायी. घाट उतरल्याशिवाय प्रवास झाल्यासारखं वाटत नाही अशा माणसांना हे जरा अळणीच.

स्टेशनवर ओंकार आला होता. त्याने आधी बॅगा घेतल्या नाहीत, आधी स्टेशनातल्या दुकानातून दुधाच्या दोन पिशव्या घेतल्या. रविवारी गावातली झाडून सगळी दुकानं बंद. मी मनात दही लावायचा, भाजी आणायचा बेत करून आले होते. तो तिथेच गुंडाळला आणि रात्री भाजणीची थालीपिठं झाली.

त्याआधी पायांना चालणं हवं म्हणून बाहेर पडलो, आणि पाचव्या मिनिटाला माझा पहिला अपराध घडला. फूटपाथवर तांबड्या विटांचा एक पट्टा दिसला, छान गुळगुळीत. मी त्याच्यावरून चालू लागले. मागून घंटी वाजली. बाजूला व्हायला जागा होती, पण मी पुणेकर सवयीने आधी मागे वळून पाहिलं. सत्तरीच्या पुढची एक आजी सायकलवरून आली, अगदी शेजारून गेली, आणि जाताना जर्मनमध्ये एकच वाक्य बोलली. ओंकारला अर्थ विचारला. "काही नाही मावशी, तो पट्टा सायकलींचा आहे." वाक्य त्याहून लांब होतं.

साडेनऊला जेवलो तरी खिडकीबाहेर उजेड होता.

दुसरा दिवस, सोमवार

बाजारचौक. ब्रेमेन पाहायला येणारा प्रत्येक माणूस आधी इथेच येतो, आणि खरं सांगायचं तर एकच दिवस हाताशी असेल तर इथेच थांबावं. टाऊन हॉल, त्यासमोर रोलांडचा दगडी पुतळा, पलीकडे दोन मनोऱ्यांचं कॅथीड्रल, सगळं हाकेच्या अंतरावर. टाऊन हॉल आणि रोलांड दोघांना मिळून २००४ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

रोलांड हा तलवार घेतलेला, कुरळ्या केसांचा, किंचित हसणारा शूर सरदार. उंची साडेपाच मीटर, मागचा खांब आणि वरचं छत्र धरलं तर दहाच्या वर. आधी इथे लाकडी रोलांड होता. तो १३६६ साली आर्चबिशपच्या माणसांनी जाळला. मग १४०४ मध्ये शहराने दगडाचा केला आणि त्याचं तोंड मुद्दाम कॅथीड्रलकडे ठेवलं. आम्ही तुमचे नोकर नाही, हे रोज सकाळी बिशपला दिसावं म्हणून. ढालीवर जुन्या बोलीत कोरलेलं वाक्यही स्वातंत्र्याची ग्वाही देणारंच आहे. रोलांड उभा आहे तोवर ब्रेमेन स्वतंत्र, अशी श्रद्धा. म्हणून तळघरात एक जादा रोलांड तयार ठेवलाय अशी गावात वदंता. तो कोणी पाहिलेला नाही.

मी मात्र गुडघ्यांपाशी अडकले. रोलांडच्या चिलखताला दोन्ही गुडघ्यांवर टोकं आहेत, आणि त्या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे एक ब्रेमेन एल्ले, कापड मोजायचं इथलं जुनं माप, सुमारे ५५ सेंटीमीटर. व्यापाऱ्याने कमी मोजलं असं वाटलं तर गिऱ्हाइकाने कापड घेऊन इथे यावं. माझ्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. त्यांच्या लोखंडी मीटरपट्टीवर वजनमाप खात्याचा शिक्का मारून आणावा लागे, आणि निरीक्षक यायच्या दिवशी बाबा ती पट्टी रॉकेलच्या बोळ्याने पुसत. सहाशे वर्षांपूर्वी ह्या लोकांनी तो शिक्का एका सरदाराच्या गुडघ्यांवर मारून चौकात उभा केला, कोणाला घासून झिजवता येऊ नये असा! मी कुंपणाबाहेरून हवेत वीत टाकून मोजलं. अडीच वीत भरलं. ह्यांनी मला ओळखत नसल्यासारखं दुसरीकडे पाहिलं.

रोलांडच्या दोन पावलांमध्ये एक छोटी आकृती कोरलेली आहे, ती सहज दिसत नाही, वाकावं लागतं. तो एक पांगळा माणूस. त्याची गोष्ट ओंकारने "उद्या, जागेवर गेलो की" म्हणून राखून ठेवली.

टाऊन हॉलची मूळ इमारत १४०५ ते १४१० मधली. आज दिसणारा नक्षीदार दर्शनी भाग त्यावर दोनशे वर्षांनी, १६१२ च्या सुमारास, लुडर फॉन बेंटहाइम नावाच्या वास्तुकाराने चढवला. आत मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. वरच्या मोठ्या दालनात छताला जहाजांच्या प्रतिकृती टांगल्यात, तोफांसकट. जहाजमालक आणि व्यापारी यांच्यात १५४५ पासून दरवर्षी एक मेजवानी होते, ती ह्याच दालनात. बायकांना तिथे अगदी अलीकडेपर्यंत आमंत्रण नसे. मार्गदर्शक बाई हे सांगताना एक क्षण थांबल्या आणि आमच्यातल्या सगळ्या बायका एकदम हसल्या. भाषा वेगवेगळ्या, हसू तेच. तळघरात दारूचं कोठार आहे, फक्त जर्मन वाइनचं, आणि तिथे १६५३ सालची वाइन अजून पिंपात आहे. "शिवाजी महाराज तेव्हा तेवीस वर्षांचे," हे म्हणाले. ह्यांना कुठलंही साल द्या, हे असं करतात.

इमारतीच्या पश्चिम कुशीला, जरा आडबाजूलाच, ते चौघे उभे आहेत: गाढवावर कुत्रा, कुत्र्यावर मांजर, मांजरावर कोंबडा. गेऱ्हार्ड मार्क्स याचं हे ब्राँझ शिल्प १९५३ मध्ये इथे आलं. मला ते केवढं तरी मोठं असेल असं वाटलं होतं. आहे जेमतेम दोन मीटर. गोष्ट ग्रिम बंधूंच्या संग्रहातली, १८१९ च्या आवृत्तीत आलेली. म्हातारं गाढव, आता ओझं वाहवत नाही म्हणून मालक त्याच्या जिवावर उठलेला. ते पळतं, वाटेत तसेच निकामी ठरवलेले तिघे भेटतात, आणि चौघे ठरवतात की ब्रेमेनला जाऊन वाजंत्री व्हायचं. वाटेत जंगलातल्या घरातून चोरांना हुसकावतात आणि तिथेच राहतात. ब्रेमेनला पोचतच नाहीत. म्हणजे न आलेल्या पाहुण्यांचा पुतळा गावाने उभारला आणि त्यांच्यावर अख्खं पर्यटन चालवलं. लहानपणी ही गोष्ट मजेची वाटायची. निवृत्त होऊन चार वर्षं झाल्यावर गाढवाचं म्हणणं जास्त कळतं.

इथे एक रिवाज आहे. गाढवाचे पुढचे दोन्ही पाय दोन्ही हातांनी धरायचे आणि इच्छा मागायची. लाखो हातांनी ते पाय आणि नाकपुडी सोन्यासारखी चकचकीत झालीत, बाकी अंग काळपट हिरवं. "अडला हरी" ही म्हण इतकी शब्दशः आचरणात आणलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही, आणि तीही रांग लावून! एकाच हाताने पाय धरला तर इच्छा पुरी होत नाही. तेव्हा एक गाढव दुसऱ्या गाढवाला नमस्कार करत असतं, असं इथले लोक म्हणतात. मी दोन्ही हातांनी धरले. ब्राँझ गार होतं आणि आधीच्या माणसाच्या हाताची ऊब तेवढी उरलेली. काय मागितलं ते सांगायचं नसतं.

जवळच फरसबंदीत गटाराच्या झाकणासारखं एक झाकण आहे, त्याला फट. नाणं टाकलं की आतून एखादा प्राणी ओरडतो. पैसे दानधर्माला जातात. माझ्या पहिल्या नाण्याला कोंबडा आरवला. ह्यांनी गाढव येईपर्यंत चार नाणी घातली.

कॅथीड्रलच्या उत्तरेच्या अंगाला मात्र ज्यावर थुंकतात असा दगड आहे, क्रूस कोरलेला. गेशे गॉटफ्रीड नावाच्या बाईने नवरे, आईबाप, मुलं, शेजारी अशा पंधरा जणांना लोण्यातून सोमल घालून मारलं. आजाऱ्यांची सेवा करते म्हणून आधी गाव तिचं कौतुक करायचं. १८३१ मध्ये तिचा शिरच्छेद झाला, ब्रेमेनमधला तो शेवटचा जाहीर मृत्युदंड. आम्ही थुंकलो नाही. पुण्यात "येथे थुंकू नये" वाचत मोठी झालेली माणसं. मुभा मिळाल्यावर तोंड कोरडं पडलं.

संध्याकाळी श्नूर ही जुनी वस्ती पाहिली. पंधराव्या-सोळाव्या शतकातली बुटकी घरं, दोरीत मणी ओवल्यासारखी. नावाचा अर्थही दोरीच, कारण इथे जहाजांचे दोरखंड वळणारे राहत. काही गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून आलेल्या माणसाला आधी वाट द्यावी लागते. सुंदर आहे, पण प्रत्येक घरात दुकान आणि प्रत्येक दुकानात तेच चार प्राणी. अर्ध्या तासात पुरे झालं.

तिसरा दिवस, मंगळवार

आजचा दिवस प्रवासी कंपन्यांच्या यादीत बसणारा नाही. स्टेशनच्या मागच्या बाजूला, नेल्सन मंडेला यांचं नाव असलेल्या छोट्या बागेत, एक हत्ती आहे. दहा मीटर उंच, पूर्ण विटांचा. झाडांतून तो एकदम पुढ्यात आला आणि माझा हात आपोआप छातीशी गेला. सवय. मग पाटी वाचली.

हा हत्ती १९३२ मध्ये उभारला तो जर्मन वसाहतींच्या गौरवासाठी. नैर्ऋत्य आफ्रिकेतली जर्मन वसाहत, म्हणजे आजचा नामिबिया, सुरू झाली ती आडोल्फ लुडेरित्स या ब्रेमेनच्या तंबाखू व्यापाऱ्यापासून. १८८३ मध्ये त्याच्या माणसाने तिथल्या नामा जमातीच्या प्रमुखाकडून किनाऱ्याची जमीन विकत घेतली, किनाऱ्यापासून आत वीस मैल. प्रमुखाला ठाऊक होता तो इंग्रजी मैल, दीड किलोमीटरहून थोडा जास्त. करारात होता जर्मन भौगोलिक मैल, जवळजवळ साडेसात किलोमीटरचा. बत्तीस किलोमीटरचे दीडशे झाले. पुढे १९०४ ते १९०८ मध्ये हेरेरो आणि नामा लोकांचा वंशसंहार झाला.

नामिबिया स्वतंत्र झाला त्याच वर्षी, १९९० मध्ये, ब्रेमेनने हा हत्ती पाडला नाही. त्याचा अर्थ उलटा केला. आता तो वसाहतवादाच्या विरोधातलं स्मारक आहे. शेजारी नामिबियातून आणलेले दगड मारल्या गेलेल्यांच्या स्मरणार्थ मांडलेत. बाकावर एक माणूस सँडविच खात होता, दोन मुलं हत्तीच्या पायाशी लपाछपी खेळत होती. मी एक दगड पाहत बराच वेळ उभी होते, लालसर, कडेला फुटलेला, आपल्या सासवडच्या माळावर पडलेला असता तरी वेगळा वाटला नसता.

तिथून दहा मिनिटं चाललं की ब्युर्गरपार्क लागतो, नागरिकांनी १८६६ पासून स्वतः वाढवलेली बाग, अजूनही देणग्यांवर आणि सोडतीच्या तिकिटांवर चालणारी. तळ्याकाठी ओंकारने राखून ठेवलेली गोष्ट काढली.

ब्रेमेनच्या लोकांकडे गुरं चारायला जमीन नव्हती. एम्मा नावाच्या श्रीमंत विधवेकडे त्यांनी मागितली. साल १०३२ सांगतात. ती म्हणाली, एक माणूस तासाभरात जेवढ्या जमिनीला फेरी घालेल तेवढी तुमची. तिच्या दिराला वाटलं, इस्टेट चालली. तो चिडून म्हणाला, मग एक दिवस का नाही देत? एम्मा म्हणाली, ठीक, दिवसभर. तेव्हा त्याने अट घातली, माणूस मी निवडणार. आणि निवडला एक पांगळा भिकारी. एम्माने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो खुरडत निघाला, पुढे गाव, मागे गाव, आणि सूर्य मावळेपर्यंत एवढं मोठं कुरण घेरलं की आजतागायत पुरलं. आपण बसलो होतो ते त्याच कुरणावर. रोलांडच्या पायाशी कोरलाय तो हाच.

"वामनाचीच गोष्ट," मी म्हटलं. "तीन पावलं जमीन."

"उलटी," हे म्हणाले. "तिथे बुटक्याने फसवलं, इथे पांगळ्याने डाव उलटवला."

"आणि हत्तीपाशी?" ओंकारने विचारलं.

कोणी उत्तर दिलं नाही. हवा बदलली होती. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, आडवा येतो, छत्रीखालून.

पावसाने आम्हाला परत गावात, ब्योट्शरश्ट्रासेमध्ये पिटाळलं. पिंपं बनवणाऱ्या कारागिरांची ही जुनी गल्ली, लांबी शंभर मीटरच्या आसपास. कॉफीतून कॅफीन काढायची कृती बाजारात आणून श्रीमंत झालेल्या लुडविग रोझेलियसने ती १९२२ ते १९३१ मध्ये लाल विटांत नव्याने बांधली. गल्लीच्या तोंडावर सोन्यासारखा झळाळणारा मोठा उठावशिल्पाचा फलक आहे. सगळे त्याच्यापुढे फोटो काढतात. तो लावला १९३६ मध्ये, नाझींना खूश करायला. हिटलरने तरीही त्याच वर्षी ह्या गल्लीला जाहीर नावं ठेवली. रोझेलियस स्वतः नाझींचा चाहता. हा तपशील कळल्यावर फोटो काढायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. मी काढून झाल्यावर कळलं.

गल्लीतलं एक घर मात्र चुकवू नका. पाउला मोडरसोन-बेकर या चित्रकर्तीचं संग्रहालय, १९२७ सालचं, एका स्त्री चित्रकाराला वाहिलेलं जगातलं पहिलं. ती १९०७ मध्ये गेली, एकतिसाव्या वर्षी, बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत. तिने रंगवलेल्या शेतकरी बायका, पोरी, म्हाताऱ्या पाहताना मला राहवेना. कोणी गोड दिसावं म्हणून बसलेलंच नाही. हात मोठे, ओबडधोबड, मांडीवर ठेवलेले, कामावरून उठून आल्यासारखे. पाऊस थांबला तरी मी बाहेर आले नाही.

बाहेर दोन उतरत्या छपरांमध्ये चिनी मातीच्या तीस घंटा टांगल्यात. त्या वाजू लागल्या की शेजारच्या मनोऱ्यात लाकडी चित्रफलक एकेक करून फिरतात, समुद्र ओलांडणाऱ्यांचे, वायकिंग खलाशांपासून विमानवाल्यांपर्यंत. आवाज काचेच्या बांगड्यांसारखा, पण सुरात.

चौथा दिवस, बुधवार

ब्रेमरहाफेन. गाडीने पाऊण तासाच्या आत. वेझर नदी गाळाने भरू लागली, जहाजं ब्रेमेनपर्यंत येईनात, तेव्हा महापौर योहान स्मिट याने १८२७ मध्ये हॅनोव्हरच्या राज्याकडून समुद्राजवळची जमीन विकत घेऊन नवं बंदर वसवलं. पुन्हा जमीनच, पण ह्या वेळी मैलांचा घोळ नव्हता असं धरून चालू. म्हणून आजही ब्रेमेन हे राज्य दोन तुकड्यांचं, मध्ये साठेक किलोमीटर परका मुलूख.

इथून १८३० ते १९७४ या काळात ७२ लाख माणसं युरोप सोडून गेली, बहुतेक अमेरिकेला. त्यांचं संग्रहालय बंदरावरच आहे. तिकिटाबरोबर एका खऱ्या प्रवाशाचं नाव मिळतं आणि त्याचा माग काढत आपण पुढे जायचं. पहिल्याच दालनात रात्रीचा धक्का आहे, खालून काळं पाणी, समोर जहाजाची भिंत वर अंधारात गेलेली, आणि पुतळे, बोचकी घेतलेले. पुढे एका लांब दालनात लाकडी खण आहेत, शेकडो. एक ओढला तर कोणाचं तरी पत्र, एकात फोटो, एकात नुसतं नाव. हे गप्प झाले. ह्यांची बहीण १९७८ मध्ये शिकागोला गेली, सांताक्रूझवर सोडायला अख्खा वाडा आला होता. ह्यांनी एक खण तीनदा उघडला आणि तीनदा बंद केला.

जवळच्या सागरी संग्रहालयात १३८० च्या सुमाराचं मालवाहू जहाज आहे, १९६२ मध्ये वेझरच्या चिखलात सापडलेलं. एरवी मी ते नीट पाहिलं असतं. त्या दिवशी नाही.

दुपारी धक्क्यावर मासळी घातलेला पाव खाल्ला. आंबट हेरिंग, वर कच्चा कांदा. सीगलने ह्यांचा अर्धा नेला. खाण्याबद्दल एवढंच की मे महिना म्हणजे पांढऱ्या शतावरीचे दिवस. उकडून, वर लोणी. ओंकार त्याची फार स्तुती करतो. मी गोडा मसाला सोबत नेला होता, त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही.

परतल्यावर ओंकारच्या हट्टाने सहा नंबरच्या ट्रामने विद्यापीठाकडे गेलो. तिथे १४६ मीटर उंच पांढरा मनोरा आहे, पेन्सिल उभी केल्यासारखा. आतली हवा काढून टाकतात आणि वरून प्रयोगाची कुपी सोडतात, पडताना ४.७४ सेकंद आत वजनच उरत नाही, अंतराळात असल्यासारखं. "पावणेपाच सेकंदांसाठी एवढं?" मी विचारलं. खालून कुपी वर फेकली तर जवळजवळ दुप्पट मिळतात, असं तो फार गंभीरपणे म्हणाला.

पाचवा दिवस, गुरुवार

गाडी साडेअकराची. बॅगा भरल्या, बाकरवडीच्या जागी पेपरमिंटच्या लांब कांड्या गेल्या, खोकल्यावर चालतात म्हणे. ओंकारला ऑफिस होतं, तो दारातच पाया पडला. "मावशी, पोचल्यावर मेसेज कर," एवढं म्हणून जिना उतरून गेला, खालच्या दाराचा आवाज येईपर्यंत मी कठड्याशी उभी राहिले.

ट्राम टाऊन हॉलपाशी आली तेव्हा हे म्हणाले, "वेळ आहे, उतरायचं?" उतरलो. एवढ्या सकाळी गाढवापाशी रांग नव्हती. एक सफाई कामगार फक्त, यंत्राने पानं गोळा करणारा. ह्यांनी मोबाइल काढला. माझ्या उजव्या हातात चाकांची बॅग, खांद्यावर पर्स, आणि फरसबंदी उतरती. बॅग सोडली असती तर थेट रोलांडकडे गेली असती.

"दोन्ही हात!" हे ओरडले.

मी एकाच हाताने धरला. सफाईवाला यंत्र बंद करून आमच्याकडे पाहून हसला, आणि टोपीला हात लावून म्हणाला, "मोइन." इथला नमस्कार. तो मला होता की गाढवाला, ते कळायच्या आत ट्रामची घंटा झाली.